भात सोडण्याआधी तेलाची पिशवी मोजा: बायकांचं वाढलेलं वजन उतरवण्याचा घरगुती क्रम

वजन वाढलं की घराघरात पहिला बळी जातो भाताचा आणि दुसरा रात्रीच्या जेवणाचा. पंधरा दिवस जमतं, काटा थोडा हलतो. मग एखाद्या संध्याकाळी भूक अनावर होते, फरसाणाचा डबा उघडतो आणि महिन्याने वजन होतं तिथेच येतं. याचं खापर इच्छाशक्तीवर फुटतं, पण चुकलेला असतो तो क्रम. घर सांभाळणाऱ्या बाईच्या खाण्यातलं बरंचसं ताटात दिसतच नाही. ते फोडणीत असतं, चहाच्या आधणात असतं, मुलाने टाकलेल्या अर्ध्या पराठ्यात असतं, एकादशीच्या खिचडीत असतं. न मोजता कमी करायला गेलं की डोळ्यांसमोर असलेलं तेवढंच कमी होतं, म्हणजे भात, पोळी आणि त्यांच्याबरोबर वरणही.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पहिल्या दोन टप्प्यांत खाण्यात काहीही बदलायचं नाही. लेखात 'कॅलरी' म्हटलं आहे तिथे किलोकॅलरी समजावं.

सुरुवातीआधी: कोणी परस्पर सुरू करू नये

गरोदर असाल तर वजन उतरवण्याचा विचार बाजूला ठेवा. अंगावर पाजत असाल तर पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, तेव्हाही खाणं तोडू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलावा लागतो का, हे डॉक्टरांना विचारा. नाहीतर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते.

खाणं तसंच असताना महिन्यात तीन-चार किलो वाढले असतील, पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबत असेल किंवा पायांवर सूज असेल, तर आधी तपासणी करून घ्या. मंदावलेलं थायरॉइड, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा आजार), स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराची औषधं यांनी वजन वाढतं. मात्र थायरॉइडने वाढणारं वजन सहसा थोडंच असतं. गोळी नियमित आहे, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) आटोक्यात आहे, तरी वजन चढतंय, तर उत्तर बहुधा स्वयंपाकघरातच सापडेल.

सावधान: थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा. गोळी आणि चहा एकाच घोटात, ही चूक घरोघरी होते.

टप्पा १: मापं जमवा

हवं ते इतकंच: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघराचा डिजिटल काटा, ५ मिलीचा चमचा (खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापही चालेल), शिंप्याची टेप आणि वजनकाटा.

घरातली वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि पाण्याने भरा. जितके ग्रॅम पाणी, तितके मिली वाटी. आमटीची वाटी १५० मिली निघते तशी २५० मिलीही निघते, आणि 'मी एकच वाटी भात खाते' या वाक्याचा अर्थ तिथेच बदलतो. तेलाची पळीही अशीच मोजा. कुठे ती १५ मिलीची असते, कुठे ३० मिलीची.

कंबर मोजताना परकराची नाडी बांधता तिथे टेप लावू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या बरोबर मध्ये, कपड्याखाली, साधा श्वास सोडल्यावर मोजा. टेप जमिनीला समांतर हवी आणि पोट आत ओढायचं नाही. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ मानतात. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यांतले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लावायचे नाहीत, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते.

उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ६८ किलो असेल तर बीएमआय २८ च्या थोडा वर जातो. पहिलं लक्ष्य वजनाच्या ५ टक्के, म्हणजे साधारण साडेतीन किलो, आणि त्यासाठी तीन महिने. लग्नातल्या वजनावर परत जायचं हे लक्ष्य पहिल्याच दिवशी ठेवू नका.

टप्पा २: सात दिवसांची वही

या आठवड्यात एक रविवार आणि जमलं तर एक उपासाचा दिवस यायला हवा. वहीत चार रकाने आखा: वेळ, काय खाल्लं, किती (चमचा, वाटी, नग) आणि बसून की उभ्याने. चौथा रकाना उगाच नाही. पोळ्या लाटताना तोंडात टाकलेला गूळ-तुपाचा तुकडा, भाजीची चव बघताना खाल्लेले दोन चमचे, मुलाच्या डब्यात परत आलेला पराठा, भांडी आवरताना संपवलेला भात हे सगळं उभ्याने होतं आणि म्हणून 'खाल्लं' असं वाटतच नाही.

इथे हमखास तीन चुका होतात. रात्री आठवून लिहिणं ही पहिली, कारण दुपारचे दोन बिस्किटं तोवर विसरलेली असतात. दुसरी, प्रमाणाच्या जागी 'थोडंसं' लिहिणं. तिसरी चूक म्हणजे वहीला घाबरून त्या आठवड्यापुरतं शहाण्यासारखं खाणं. मग वही खोटी ठरते आणि पुढचा हिशोबही.

तपासा: सात दिवसांत 'उभ्याने'च्या दहापेक्षा कमी नोंदी असतील, तर बहुधा काहीतरी लिहायचं राहिलंय. आणखी तीन दिवस लिहा.

टप्पा ३: तेल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तेलात कपात केल्याने भूक वाढत नाही, म्हणून सुरुवातही इथूनच.

तेलाच्या नव्या पिशवीवर उघडल्याची तारीख लिहा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. माणशी रोज २० ग्रॅम धरलं, म्हणजे चार-साडेचार सपाट चमचे, तर चार माणसांना एक लिटर ११ दिवस पुरायला हवं. तूप आणि लोणीही याच २० ग्रॅममध्ये धरायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. बैठं काम करणाऱ्या बाईची गरज त्याहून कमी, १६६० कॅलरींच्या आसपास असते. तुमची पिशवी सहा दिवसांत संपत असेल तर माणशी ३८ ग्रॅमच्या जवळ जातंय. फरक १८ ग्रॅमचा, म्हणजे रोज १६० कॅलरींचा, आणि ताटात तो कुठेच दिसत नाही.

आता तेल कुठून जातं ते बघा.

पोळी: पाव किलो कणकेचे आठ फुलके केले तर एका फुलक्यात साधारण १०५ कॅलरी. त्याच कणकेच्या सहा घडीच्या पोळ्या केल्या, घडीत आणि तव्यावर मिळून चमचाभर तेल लावलं, तर एक पोळी १८० ची होते. वरून तूप वेगळं. घडीची पोळी सोडवत नसेल तर घडीत तेल चमच्याने ओतण्याऐवजी बोटाने पुसा आणि तव्यावरचं तेल बंद करा.

भाकरीबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, तंतुमय आहे, तिला तेल लागत नाही. पण हातावर थापलेल्या मोठ्या भाकरीला ७५ ग्रॅम पीठ जातं आणि त्यात अडीचशे कॅलरी असतात, म्हणजे जवळजवळ अडीच फुलके. 'पोळी सोडली, आता दोन भाकऱ्या खाते' म्हणणारीचं वजन का उतरत नाही, ते या हिशोबात आहे.

भाजी: चार माणसांच्या भाजीला दोन चमचे (१० मिली) तेल पुरतं, पण कृती बदलावी लागते.

१. मोठ्या कढईत तेल पसरतं आणि कमी वाटतं, मग हात सैल सुटतो. फोडणी छोट्या कढल्यात करा.
२. तेल पुरेसं तापू द्या. मोहरी तडतडेपर्यंत थांबा, मगच हिंग-हळद. कोमट तेलातली फोडणी कच्ची लागते आणि ती झाकायला पुन्हा तेल ओतलं जातं.
३. कांदा खाली लागला तर तेलाऐवजी चमचाभर पाण्याचा हबका मारा आणि परता.
४. भाजी घालून ताटलीवर पाणी ठेवून झाका आणि मंद आचेवर वाफ आणा. ताटलीतलं गरम पाणी लागेल तसं भाजीत घाला.
५. भेंडी याला अपवाद. ती धुऊन पूर्ण कोरडी करा, झाकण ठेवू नका, नाहीतर चिकट होते आणि तो चिकटपणा घालवायला तेल जातं.

वांगी, बटाट्याच्या काचऱ्या, सुरण हे तेल पिणारे गडी. ते आधी वाफवून घ्या, मग फोडणी.

दाण्याचं कूट आणि खोबरं ही चवीची गोष्ट आहे आणि ती सोडायचं कारण नाही. फक्त मुठीने घालू नका. चार जणांच्या भाजीत चार मोठे चमचे कूट म्हणजे ४० ग्रॅम, सव्वादोनशे कॅलरी. दोन चमच्यांत चव येते.

सावधान: 'लाकडी घाण्याचं' आहे म्हणून तेल किंवा घरचं आहे म्हणून तूप जास्त चालतं, असं नाही. कोणत्याही तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये साधारण ९ कॅलरी असतात.

तपासा: दुसरी पिशवी उघडताना पहिलीची तारीख बघा. चार जणांत नऊ दिवस टिकली असेल तर वाटेवर आहात.

टप्पा ४: चहा आणि पाच वाजता

दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. फुल क्रीम दुधाचे (६ टक्के स्निग्धांश) कपाला ६० मिली धरले तर आणखी दोनशे. बिस्किटं, खारी, टोस्ट वेगळे.

साखर एकदम सोडली की चहा गोड लागेना म्हणून बाजूला बिस्किट येतं. त्यापेक्षा आधणात साखर घालणं बंद करा आणि प्रत्येकाच्या कपात वेगळी घाला. दर दहा दिवसांनी स्वतःच्या कपातला अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात अर्ध्या चमच्यावर येता येतं आणि जिभेला पत्ता लागत नाही. दूध टोन्ड घ्या (३ टक्के). गूळ घातल्याने काही साधत नाही, कॅलरी जवळपास साखरेइतक्याच. जेवणाला लागून चहा घेऊ नका, कारण अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

संध्याकाळी पाचची भूक खरी असते. सकाळी दोन चहांवर अकरा-बारा वाजेपर्यंत ढकललं की ती जास्तच खरी होते. मूठभर शेव-चिवड्यात (३० ग्रॅम) दीडशे कॅलरी असतात आणि मूठ एकावर थांबत नाही. तेवढ्याच वजनाच्या फुटाण्यांत ११० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. फुटाणे वाटीत काढून घ्या, डब्यात हात घालून नको.

टप्पा ५: आधी प्रथिनं वाढवा, मग धान्य कमी करा

हा टप्पा वगळून थेट पुढच्यावर उडी मारली की भूक लागते, केस गळतात, थकवा येतो आणि सगळं सुटतं. वजन जास्त म्हणजे पोषण भरपूर, असं मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के बीएमआय २५ किंवा वर होत्या, आणि ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता.

प्रथिनांची रोजची गरज साधारण वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. नेहमीचं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी त्यात १५ ग्रॅमच डाळ असते, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रथिनं. ताक तर पाणीच जास्त. त्यामुळे 'रोज वरण-ताक असतं' याने भागत नाही.

भर घालायच्या सोप्या जागा: नाश्त्याला ६० ग्रॅम कोरड्या मुगाचं धिरडं (१४ ग्रॅम), किंवा पोह्यांवर मोड आलेल्या मटकीची उसळ (कोरडे कडधान्य ३० ग्रॅम, ७ ग्रॅम), किंवा एक अंडं (६ ग्रॅम). दुपारी वरण घट्ट, माणशी ३० ग्रॅम डाळ, आणि वाटीभर दही. रात्री ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं (८ ते ९ ग्रॅम). मासे खात असाल तर १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम मिळतात. रव्यात घोळवून तळण्याऐवजी कालवण करा.

सकाळच्या डब्यांच्या गडबडीत स्वतःचा नाश्ता राहतो, हे खरंच आहे. मटकी-मूग आदल्या रात्री वाफवून ठेवले की सकाळी फोडणीचं पाच मिनिटांचं काम उरतं.

तपासा: आठवडाभर असं खाल्ल्यावर पाचची भूक शांत झाली का? नसेल तर पुढे जाऊ नका, नाश्ता वाढवा.

टप्पा ६: आता धान्य, आणि उरलंसुरलं

माणशी ४० ग्रॅम कोरडे तांदूळ म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम भात, १४० कॅलरी. एका जेवणात दोन फुलके आणि एवढा भात, किंवा तीन फुलके आणि भात नाही. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं. दिवसाला पालेभाजीसकट भाज्या ४०० ग्रॅम व्हायला हव्यात. दोन चमचे भाजी आणि चार पोळ्या हे प्रमाण उलटं करायचं आहे.

सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यातूनच जेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. स्वतःचं ताट एकदाच पूर्ण वाढून घ्या आणि बसा.

उरलेलं अन्न टाकवत नाही, आणि टाकूही नये. पण त्यावर उपाय रांधण्याच्या वेळी करायचा असतो. तांदूळ मापून घ्या. मुलांना आधी अर्धंच वाढा, लागलं तर पुन्हा. जेवायला बसण्याआधी जास्तीचं डब्यात काढून ठेवा आणि निवलं की लगेच फ्रिजमध्ये. भात तर तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. सकाळी त्याचा फोडणीचा भात झाला तर तो नाश्त्याऐवजी. नाश्ता झाल्यावर 'संपवायचा' म्हणून नको.

इथवरचा हिशोब मांडा: तेलातून १६०, चहाच्या साखरेतून १०० ते १२०, पाचच्या खाण्यातून ४०, उभ्याने संपवलेल्या अन्नातून १००-१५०. रोज चारशे-साडेचारशे कॅलरी कमी झाल्या आणि भात अजून ताटात आहे. याने आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरतं, आणि तेवढंच उतरावं. एकूण खाणं १२०० कॅलरींच्या खाली परस्पर नेऊ नका.

टप्पा ७: उपास

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कोणी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. एका बशीचा हिशोब: साबुदाणा ६० ग्रॅम (२१०), कूट २० ग्रॅम (११०), तूप दोन चमचे (८० ते ९०), थोडा बटाटा (४०). झाले साडेचारशे. त्यावर वेफर्स, केळं, दोन चहा, आणि उपास सोडताना पुरणपोळी किंवा शिरा. संकष्टी, दोन एकादश्या आणि सोमवार धरले तर श्रावण महिन्यात सात-आठ दिवस असे निघतात.

उपास बंद करायला सांगत नाही. पदार्थ बदला:

१. सकाळी दूध किंवा दह्याबरोबर राजगिऱ्याच्या लाह्या, वाटीभर. लाडू नको, त्यात गूळ असतो.
२. दुपारी ४० ग्रॅम भगर, दाण्याची आमटी पातळ, घरच्या रिवाजात चालत असेल तर काकडीची कोशिंबीर आणि दही.
३. संध्याकाळी उकडलेलं रताळं किंवा एक फळ.
४. खिचडीच हवी असेल तर साबुदाणा ३५ ग्रॅमवर आणा, तूप एक चमचा, आणि ती त्या दिवसाचं एक पूर्ण जेवण धरा. जेवणाआधीचा फराळ नव्हे.

सावधान: मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी निर्जळी किंवा दिवसभराचा उपास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचंही असंच. पाजणाऱ्या आईला ते पेलतात. पण बाळ वरचं खायला लागून पाजणं कमी झाल्यावरही लाडू, खीर आणि दुप्पट तूप चालूच राहतं आणि वजन तिथे चिकटतं.

टप्पा ८: वजन बघणं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी. काटा कडक फरशीवर ठेवा, सतरंजीवर तो खोटं बोलतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठून एक-दोन किलो जास्त दिसतं, त्यावरून खाणं तोडू नका. या महिन्यातलं पाळीनंतरच्या आठवड्याचं वजन मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. कंबर महिन्यातून एकदा. कधी वजन थबकतं आणि कंबर उतरते, तेव्हा काम चालू आहे असं समजा.

रोज अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातले पाच दिवस, आणि दोन दिवस वजन उचलण्याचे किंवा उठाबशांचे व्यायाम. घरकामात दिवसभर उभं राहणं त्याची जागा घेत नाही. पाळी जाण्याच्या वयात स्नायू झपाट्याने घटतात, तेव्हा तर हे टाळूच नका.

महिनाभर वजन आणि कंबर दोन्ही जागच्या जागी राहिली, तर जेवण आणखी कमी करण्याआधी तीन दिवस पुन्हा वही लिहा आणि तेलाच्या पिशवीवरची तारीख बघा. बहुतेक वेळा चमचा केव्हातरी बाजूला पडलेला असतो आणि पळी परत आलेली असते.